लांब लीश घेताना कुत्र्याच्या वजनाआधी त्याची धाव मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रुनो १४ महिन्यांचा, मिश्र जातीचा, वजन २२ किलो. २ मीटरच्या लीशवर नीट चालतो, पण मोकळ्या मैदानात सोडला की पक्ष्यांच्या मागे लागतो आणि कितीही हाका मारल्या तरी वळूनसुद्धा बघत नाही. म्हणून प्रशिक्षणासाठी लांब लीश घ्यायची आहे. ती १० मीटरची घ्यावी की २० ची, नायलॉन बरं की बायोथेन (प्लॅस्टिकचा थर दिलेली पट्टी), गळपट्ट्याला अडकवली तर चालेल का, आणि घरात आहे ती आपोआप गुंडाळणारी ८ मीटरची लीशच वापरली तर काय बिघडलं? शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘काहीही झालं तरी तुटणार नाही अशी सर्वांत मजबूत कोणती ते सांगा.’

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. लीश मधोमध तुटली म्हणून कुत्रा पळाला, असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा लीश शाबूत राहते आणि माणसाचा तळहात सोलवटतो, खांदा भरून येतो, नाहीतर कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. त्यामुळे ‘किती मजबूत’ हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न हा, की ब्रुनोनं पूर्ण वेग घेतला तर तो वेग तुम्ही कसा आणि किती अंतरात कमी करणार आहात. याचं उत्तर ठरलं की लांबी, रुंदी, कापड, हुक हे सगळं आपोआप ठरत जातं.

थोडं गणित करू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका टळतात. २ मीटरच्या लीशवर कुत्र्याला वेग घ्यायला जागाच नसते. लीश ताणली जाते तेव्हा तो फार तर सेकंदाला ३ मीटर वेगाने जात असतो. तेच १० मीटर मोकळे मिळाले की ब्रुनोसारखा तरुण कुत्रा सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २९ किलोमीटर वेग गाठू शकतो. वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा चौपट होते, म्हणून ३ चे ८ झाले की ती सुमारे सातपट होते. आता या वेगातला २२ किलोचा कुत्रा अर्ध्या मीटरात थांबवायचा म्हटलं, तर लीशवर सरासरी १४० किलो वजन टांगल्याएवढा ताण येतो. पण लीश हातातून हळूहळू सरकू देत त्यालाच ३ मीटर अंतरात थांबवलं, तर हा ताण २५ किलोच्या आत राहतो. कुत्रा तोच, लीश तीच, फरक फक्त थांबवण्याच्या अंतराचा. मजबुतीपेक्षा हातात नीट सरकणारी आणि नीट पकडता येणारी लीश महत्त्वाची असं मी म्हणतो, ते यामुळे.

यात आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लीश १० मीटरची आहे म्हणजे कुत्र्याची धाव १० मीटरचीच असेल, असं नाही. ब्रुनो तुमच्या मागे १० मीटरवर जमिनीचा वास घेत उभा आहे आणि समोर पक्षी उडाला, तर तो तुमच्या शेजारून पुढे निघून जातो. लीश ताणली जाईपर्यंत त्याला २० मीटर मिळालेले असतात आणि ती लीश तुमच्या पायांजवळून सरसरत गेलेली असते. २० मीटरच्या लीशला हेच ४० मीटर होतात. म्हणून कुत्रा मागे रेंगाळायला लागला की आपण वळून त्याच्याकडे तोंड करायचं आणि लीश गोळा करत अंतर कमी करायचं. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

एवढं सगळं धरून लांबीचं माझं उत्तर १० मीटर. पण हे परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगतो. मैदानाला लागून रस्ता असेल तर रस्त्याच्या बाजूला १० मीटरही धोक्याचे आहेत, कारण लीशचं टोक नेमकं गाड्यांमध्ये पोचतं. तिथे ५ मीटर. तुमची पाठ, गुडघा किंवा मनगट आधीच दुखत असेल तरी ५ मीटर. ब्रुनोऐवजी तुमच्याकडे ५-६ किलोचा कुत्रा असता तरी मी बहुधा ५ मीटरवरच थांबलो असतो, कारण त्याला तेवढंही अंतर पुष्कळ असतं आणि लांब लीशचं वजन त्याच्या पाठीला जाणवतं.

२० मीटर मी नव्या माणसाला कधीच सुचवत नाही. लीश दुप्पट केली की कुत्र्याला मिळणारं वर्तुळ चौपट होतं. १० मीटरला ते साधारण ३१४ चौरस मीटर भरतं, २० मीटरला १२५६. एवढ्या जागेत झाड नाही, दगड नाही, बाक नाही, दुसरा कुत्रा नाही असं मैदान मिळणं कठीण. शिवाय २० मीटर लीश गोळा करताना हातात जो गुंता होतो तो सोडवण्यात लक्ष जातं, आणि लक्ष कुत्र्याकडे हवं. आयजीपी या कुत्र्यांच्या क्रीडाप्रकारात कुत्रा लीशवर माग काढतो तेव्हासुद्धा हँडलर, म्हणजे त्याला हाताळणारा माणूस, त्याच्या मागे १० मीटरवर असतो. तयार कुत्र्यांना जे अंतर पुरतं, ते शिकणाऱ्या कुत्र्याला नक्की पुरेल. पुढे हात बसला आणि जागा खरोखर मोठी असली तर १५ मीटरचा विचार करा.

आता रुंदी. दुकानात कुत्र्याच्या वजनावरून रुंदी सांगतात. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. पट्टी अरुंद असेल तितकी ती ताणाखाली बोटांत रुतते; रुंद असेल तितकी जड होते. २२ किलोच्या कुत्र्याला १३ मिलिमीटरचीही लीश पेलेल, पण मोठ्यांच्या हाताला १६ मिलिमीटरची पकड जास्त चांगली बसते. २५ मिलिमीटर घेऊ नका. १० मीटर लांबीत त्या रुंदीचं वजन इतकं होतं की हार्नेस (छाती-पाठीवर बसणारा पट्टा) सतत एका बाजूला ओढला जातो, आणि कुत्रा कायम काहीतरी ओढत चालल्यासारखा चालतो. छोट्या कुत्र्यांसाठी ९-१० मिलिमीटर ठीक, पण मग हातमोजे हवेतच.

कापडाचं बोलू. इथे तुम्ही सर्वांत जास्त वेळ घालवलाय असं दिसतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

नायलॉनची पट्टी हलकी असते, सहज मिळते आणि ताण भरपूर सहन करते. तिचा दोष ती हातातून वेगाने सरकते तेव्हा कळतो. तळहाताची कातडी अक्षरशः भाजते. पाणी पिऊन ती जड होते, ओली झाल्यावर थोडी कमजोरही होते, आणि चिखल विणीत शिरला की वाळल्यावर कडा खरखरीत होतात. जिथे टोक कापून जाळून बंद केलेलं असतं तिथला घट्ट वितळलेला काठ बोटाने चाचपून बघा. टोकदार असेल तर तो हात कापतो. कोरड्या, स्वच्छ जागी वापरायची असेल आणि तुम्ही हातमोजे घालणार असाल, तर नायलॉनने काम भागतं. नायलॉनसारखीच दिसणारी पॉलिप्रोपिलीनची पट्टीही मिळते. ती पाण्यावर तरंगते, हा तिचा गुण. उन्हात लवकर ठिसूळ होते, हा अवगुण.

सुती पट्टी हाताला सर्वांत मायाळू. सरकली तरी नायलॉनएवढी भाजत नाही, आणि पकड छान बसते. कोरड्या हवेत नवशिक्याला मी ती आनंदाने देतो. पण ओलं गवत लागलं की ती पाणी शोषून घेते, वजन खूप वाढतं, वाळायला वेळ लागतो आणि दमट गुंडाळून ठेवली तर कुजते. कुजलेली सुती लीश वरून धडधाकट दिसते आणि नेमकी शिलाईपाशी दगा देते.

बायोथेन म्हणजे आत पॉलिएस्टरची विणलेली पट्टी आणि तिच्यावर प्लॅस्टिकचा घट्ट थर. पाणी आत जात नाही, वास धरत नाही, ओल्या फडक्याने पुसली की स्वच्छ. गवतातून घसरत जाते, काड्या-कुसळं चिकटत नाहीत, गाठीही कमी पडतात. थोडी जड असते, म्हणून जमिनीवर नीट पसरून राहते आणि कुत्र्याच्या पायांत कमी अडकते. गुळगुळीत चकचकीत थराची लीश ओल्या हातात निसटते, त्यामुळे मॅट, किंचित खडबडीत पृष्ठभागाची निवडा. ब्रुनोसाठी माझी निवड हीच.

रबराचे धागे विणलेली नायलॉन पट्टीही असते. पकड उत्तम, पण तिच्यात सरकणं जवळपास नाहीच, म्हणजे हळूहळू ब्रेक लावायची सोय गेली. लहान लीशला ती चांगली, १० मीटरला मला नको वाटते. चामड्याची लीश हातात सुंदर बसते, पण ओल्या मातीत फरफटत नेण्याच्या कामाची ती नाही. गोल दोर गवतात कमी अडकतो खरा, पण बारीक घेतला तर हातात काचतो आणि जाड घेतला तर जड होतो. पॅराशूटच्या बारीक दोरीची लीश मात्र कुणीही घेऊ नये. तिची ताकद पुरेशी असते, आणि म्हणूनच ती पायाभोवती आवळली गेली तर मांसात रुतते, माणसाच्याही आणि कुत्र्याच्याही.

हुकाकडे लोक बघतच नाहीत, आणि माझ्या अनुभवात लीशमध्ये काही निकामी होत असेल तर आधी तेच होतं. ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचे चमकदार हुक एका मोठ्या झटक्यात तडकू शकतात. भरीव पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्या. हुकाच्या मुळाशी फिरणारी कडी हवी, म्हणजे पीळ पडत नाही. अंगठ्याने खिट्टी मागे ओढून बघा: ती सुटल्यावर ठामपणे, टक आवाज करत बंद झाली पाहिजे. रेंगाळत परत येत असेल तर ती लीश ठेवून द्या. हुकाचा आकार कुत्र्याला शोभेल असा असावा; मोठा जड हुक मधल्या आकाराच्या कुत्र्याच्या पाठीवर पावलागणिक आपटत राहतो. हुक लीशला कसा जोडलाय तेही बघा. कापडी पट्टीला चौकोन आणि त्यात फुली अशी दाट शिलाई असावी. बायोथेनला शिलाई किंवा दोन रिव्हेट चालतात, एकच रिव्हेट असेल तर घेऊ नका.

गळपट्ट्याला लांब लीश अडकवू नका. या एका गोष्टीत मी ‘परिस्थितीवर अवलंबून’ म्हणणार नाही. वर जो ताण काढला तो सगळा मानेवर जाईल. तिथे श्वासनलिका आहे, मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, थायरॉइड ग्रंथी आहे आणि मणके आहेत. गळपट्ट्यावर जोर आला की डोळ्यांतला दाबसुद्धा वाढतो. हार्नेस घ्या, आणि तोही असा की छातीवरची पट्टी समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसेल, खांदे मोकळे राहतील आणि लीशची कडी पाठीवर, खांद्यांच्या मागे असेल. छातीवर पुढे असलेल्या कडीला लांब लीश लावली तर ती पुढच्या पायाखाली जाते आणि झटका बसताच कुत्रा गर्रकन वळवला जातो. तोंडावर बसणाऱ्या हॉल्टरला तर ती कधीच नको. ब्रुनो मागे सरकत हार्नेसमधून निसटणारा असेल, तर पोटाजवळ तिसरी पट्टी असलेला हार्नेस मिळतो, तो बघा.

घरातली आपोआप गुंडाळणारी लीश या कामाची नाही. तिची स्प्रिंग सतत हलका ताण ठेवते, त्यामुळे ‘ओढलं की पुढे जायला मिळतं’ हाच धडा कुत्रा गिरवत राहतो. लांब लीशवर आपल्याला नेमकं उलटं शिकवायचं असतं: लीश सैल असणं हीच नेहमीची स्थिती. शिवाय तिचं बटण दाबलं की थांबणं एकदम होतं, सरकवत थांबवता येत नाही. आणि हातातून सुटली तर ते प्लॅस्टिकचं जड हँडल खडखडत कुत्र्याच्या मागे धावतं. घाबरून पळालेले कुत्रे मी पाहिलेत. ते हाकेला लवकर थांबत नाहीत.

टोकाला हातात घालायचा फासा असतो, तो नसलेली लीश मागा. मिळाली नाही तर कापून टाका. फासा दगडात, मुळांत, फांदीत अडकतो. त्याहून वाईट म्हणजे माणूस त्यात मनगट घालतो. जिथे धाव सर्वांत जास्त झालेली असते तिथेच मनगट अडकलेलं असणं, हा पडण्याचा सर्वांत सोपा मार्ग. फाशाऐवजी टोकाला एक साधी गाठ मारा. लीश जमिनीवर असताना पाय ठेवला तर गाठीमुळे ती बुटाखालून निसटत नाही.

लीश घरी आल्यावर पहिलं काम: रंगीत चिकटपट्टीच्या दोन खुणा करा. कुत्र्याच्या टोकापासून ५ मीटरवर एक, ७ मीटरवर दुसरी. मग मैदानात असं धरायचं. जादा लीश एका हातात मोठ्या सैल वळशांनी, तळहातावर आडवी ठेवलेली. बोटांभोवती किंवा मनगटाभोवती एकही वेढा नाही. दुसऱ्या हाताच्या मुठीतून लीश कुत्र्याकडे जाते आणि मध्ये खाली झोका घेतल्यासारखी लोंबते. ५ मीटरची खूण हातातून गेली की सावध व्हायचं. ७ मीटरची गेली की ‘हळू’ म्हणायचं, रोज त्याच स्वरात, आणि मूठ थोडी थोडी आवळत उरलेल्या ३ मीटरांत त्याला थांबवायचं. वर गणितात घेतलेले ३ मीटर ते हेच. काही दिवसांत बरेच कुत्रे ‘हळू’ ऐकताच स्वतःच वेग कमी करतात, कारण त्यानंतर लीश संपते हे त्यांना समजलेलं असतं. पातळ चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट घाला, आणि पाय उघडे ठेवू नका; पोटरीवरून वेगाने गेलेली लीश कातडी काढते.

त्याहून मोलाचं आहे ते लीश ताणली जाण्याआधीचं. पक्ष्यामागे सुटायच्या आधी कुत्रा क्षणभर गोठतो. कान पुढे येतात, धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं, वजन पुढच्या पायांवर जातं, शेपटी स्थिर होते. ब्रुनोचा हा क्षण ओळखायला शिका. हाक मारायची ती तेव्हा, धाव सुरू झाल्यावर नाही. तो वळला तर त्याच्या सर्वांत आवडीचा खाऊ लगेच, तिथल्या तिथे द्या. नाही वळला तर लीश आवळून त्याला ओढत आणू नका. फक्त पुढे जाऊ देऊ नका, दोन पावलं मागे सरका आणि तो स्वतः वळेपर्यंत थांबा. लांब लीशचं काम एवढंच आहे: हाक न ऐकल्याचं बक्षीस, म्हणजे पाठलागाची मजा, त्याला मिळू न देणं. आजवर ती त्याला दर वेळी मिळत आली, म्हणूनच तो वळत नाही.

दोन ठिकाणी ही लीश हातात असून धोका वाढतो. एक, दुसऱ्या कुत्र्यांबरोबर मस्ती चालू असताना; पाय अडकून दोघंही जखमी होतात. दुसरं, कडेला झाडं-खांब असलेल्या जागी, जिथे लीश खांबाला वळसा घालते आणि ब्रेक तुमच्या हातात राहत नाही.

तर तुमची खरेदी अशी होते: १० मीटर, १६ मिलिमीटर, मॅट पृष्ठभागाचं बायोथेन, गवतात उठून दिसेल असा भडक रंग, फासा नाही, भरीव पितळी किंवा स्टीलचा फिरता हुक, आणि पाठीवर कडी असलेला हार्नेस. बायोथेन मिळालं नाही तर कोरड्या दिवसांत सुती, ओल्या दिवसांत सुतीपेक्षा नायलॉन बरं, आणि हातमोजे. हाताला सवय नसेल तर आधीचे काही दिवस याच लीशचे पहिले ५ मीटरच सोडा आणि बाकी हातात ठेवा.

महिन्यातून एकदा संपूर्ण लीश चिमटीतून ओढत तपासा. कापलेली कड, सुटलेला टाका, थराला गेलेला तडा हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. हुकात माती अडकली असेल तर पाण्याने धुवा. ओली लीश टांगून वाळवा, पण नायलॉन कडक उन्हात दिवसभर ठेवू नका.

लीश कधी सोडायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असेल. आठवडे मोजण्यापेक्षा मी हे बघतो, की सलग बऱ्याच फेऱ्यांत, वेगवेगळ्या जागी, पक्षी समोर असतानाही तो पहिल्या हाकेला वळतोय का आणि लीश एकदाही ताणली गेली नाही का. तसं झालं की लीश हातातून सोडून जमिनीवर फरफटू द्या आणि तुम्ही टोकाजवळ चाला. तेही जमलं की हळूहळू आखूड, हलकी लीश लावा, कारण पाठीवरचं वजन गेलं की ‘आता मोकळा’ हे हुशार कुत्र्याला लगेच कळतं. हुक काढल्याचा टक आवाजही तो ओळखतो. म्हणून हार्नेसला दोन लीश लावून त्यातली एकच काढायची, पुन्हा लावायची, मध्येच हाक मारून खाऊ द्यायचा, असं आत्तापासूनच अधूनमधून करत जा, म्हणजे त्या आवाजाचा अर्थ ‘पळ’ असा त्याच्या डोक्यात बसणार नाही.